पडद्यावरचा आलेख कागदावर का बिघडतो?

आलेख वाचता येणे हा गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग आहे. पूर्वी आलेख फळ्यावर किंवा आलेख कागदावर हाताने काढावा लागे. आता पावसाचे, तापमानाचे, लोकसंख्येचे, परीक्षेच्या निकालाचे आलेख संकेतस्थळांवर तयार मिळतात. थोडीफार आज्ञावली लिहिता येणारे विद्यार्थी आपल्या प्रयोगातील नोंदींवरून ते स्वतःही तयार करू शकतात. परंतु वर्गातील पन्नास-साठ मुलांपुढे संगणकाचा पडदा एकच असतो, काही ठिकाणी तोही नसतो. त्यामुळे आलेख कागदावर छापून मुलांच्या हाती द्यावा लागतो. नेमकी येथेच अडचण सुरू होते. पडद्यावर रेखीव दिसणारा आलेख कागदावर येताना कधी अर्धा कापला जातो, कधी त्याचे रंग उडतात, कधी नुसतीच रिकामी चौकट छापून येते.

शाळेतील संगणक जुना असेल, तर हा अनुभव हमखास येतो. संकेतस्थळे पाहण्याचे सॉफ्टवेअर, म्हणजे ब्राउझर, हेही त्या संगणकाइतकेच जुने असते. अशा वेळी 'प्रिंटर बिघडला' असे म्हणून आपण विषय सोडून देतो. वास्तविक प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. बिघाडाची कारणे थोडी आहेत, समजण्यासारखी आहेत, आणि बहुतेकांवर उपाय करता येतो. त्यांचा क्रमाने विचार करू या.

गहाळ आणि शून्य

प्रथम हे प्रकरण किती गंभीर आहे ते पाहू. छापील आलेखातील बिघाड दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उघड दिसणारा. संपूर्ण पान कोरे आले, तर आपण ते बाजूला टाकतो आणि पुन्हा छापतो. कागद वाया जातो, पण गैरसमज होत नाही. दुसरा प्रकार न दिसणारा, आणि तोच जास्त घातक. समजा, बारा महिन्यांच्या पावसाच्या स्तंभालेखातून शेवटचे तीन महिने छपाईत कापले गेले. आलेखाची डावी बाजू, अक्ष, शीर्षक सारे व्यवस्थित आहे. ज्याने मूळ आलेख पाहिलेला नाही, त्या विद्यार्थ्याला येथे काही हरवले आहे हे कळण्याचा मार्गच नाही. किंवा समजा, चार स्तंभांपैकी एकाचा रंग उडाला. रिकामी जागा पाहून विद्यार्थी त्या ठिकाणी शून्य असे वाचेल.

'माहिती उपलब्ध नाही' आणि 'माहितीचे मूल्य शून्य आहे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आपण प्रयोगवहीत मुलांना आग्रहाने शिकवतो. छपाईतील बिघाड तो फरक नकळत पुसून टाकतो. म्हणूनच हा विषय केवळ संगणकाच्या तासापुरता नाही.

पडद्याचे माप आणि कागदाचे माप

पडद्यावरील चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. कागदावर मात्र पिक्सेल नसतात. कागदाला सेंटिमीटर किंवा इंच कळतात. तेव्हा छापताना पिक्सेलचे इंचांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी ब्राउझर एक ठरावीक प्रमाण वापरतात : ९६ पिक्सेल म्हणजे १ इंच. प्रत्यक्ष पडद्यावर हे प्रमाण तंतोतंत असेलच असे नाही. वेगवेगळ्या पडद्यांवर पिक्सेलचा आकार वेगवेगळा असतो. म्हणून पडद्याला मोजपट्टी लावून सेंटिमीटर मोजण्यात अर्थ नसतो.

आता थोडे गणित करू. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ८.२७ इंच असते. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच समास सोडला, तर ६.७७ इंच उरतात. त्यांना ९६ ने गुणले की मिळतात साधारण ६५० पिक्सेल. म्हणजे उभ्या कागदावर ६५० पिक्सेलपेक्षा रुंद काहीही मावत नाही. संकेतस्थळावरील आलेख मात्र सहज ९०० पिक्सेल रुंद असतो, कारण पडद्यावर तेवढी जागा उपलब्ध असते.

उजवी बाजू कोठे गेली?

आपल्या ९०० पिक्सेल रुंदीच्या आलेखात डावीकडचे ६० पिक्सेल उभा अक्ष आणि त्यावरील आकड्यांसाठी आहेत असे मानू. उरलेले ८४० पिक्सेल बारा महिन्यांत वाटले, तर प्रत्येक महिन्याला ७० पिक्सेल मिळतात. कागदावर पहिले ६५० पिक्सेलच उमटले, तर अक्ष सोडून ५९० पिक्सेल उरतात. त्यांत आठ महिने पूर्ण मावतात. सप्टेंबरचा स्तंभ उभा चिरला जातो, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर नाहीसे होतात. परतीचा पाऊस शिकवण्यासाठी आणलेल्या आलेखातून परतीचा पाऊसच निघून गेला!

२००१ साली आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या ब्राउझरमध्ये हे नेहमी घडत असे. पान रुंद असेल, तर उजवीकडचा भाग सरळ कापला जाई. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत पान आपोआप आक्रसून कागदात बसवण्याची सोय आली. त्यामुळे काप थांबला, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. ९०० पिक्सेल ६५० मध्ये बसवायचे, म्हणजे सर्व काही ०.७२ पट करावे लागते. ९ पॉइंटची अक्षरे साडेसहा पॉइंटची होतात. मागच्या बाकावर ती वाचणे कठीण, पण ते एक वेळ चालेल. खरी गडबड मापांची होते. '१ सेंटिमीटर = १० एकक' असे प्रमाण आलेखावर लिहिलेले असेल, तर ते आता खोटे ठरते, कारण १० सेंटिमीटरची रेषा ७.२ सेंटिमीटर लांबीची छापली गेली आहे. संकेतस्थळावरून आलेख कागद छापून घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

यावर पहिला उपाय अगदी सोपा आहे : कागद आडवा करावा. ए-४ कागद आडवा धरला, की रुंदी २९७ मिलिमीटर होते, आणि तेवढेच समास सोडून सुमारे ९८० पिक्सेल मावतात. आपला ९०० पिक्सेलचा आलेख न कापता, न आक्रसता छापला जातो.

दुसरा उपाय पान तयार करणाऱ्यासाठी आहे. १९९८ साली प्रमाणित झालेल्या सीएसएस २ या मांडणीच्या भाषेत 'मीडिया प्रिंट' असा स्वतंत्र विभाग लिहिता येतो. त्यातील सूचना पडद्याला लागू होत नाहीत, फक्त कागदाला लागू होतात. तेथे आलेखाची रुंदी पिक्सेलऐवजी सरळ १६ सेंटिमीटर अशी द्यावी. ही सूचना इंटरनेट एक्स्प्लोरर ६ लाही समजते. नव्या पद्धतीत 'जास्तीत जास्त रुंदी' सांगण्याचा प्रघात आहे. ती सूचना मात्र सहाव्या आवृत्तीला कळत नाही, म्हणून जुन्या ब्राउझरसाठी ठाम माप द्यावे. प्रत्यक्ष लिहिताना हे सारे शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकावे लागतात.

याच जातीचा आणखी एक बिघाड आहे. काही आलेख सरकपट्टी असलेल्या चौकटीत ठेवलेले असतात. पडद्यावर पट्टी सरकवून पुढचा भाग पाहता येतो. कागदावर सरकवणार काय? तेथे चौकटीत त्या क्षणी दिसत असलेला भागच उमटतो. तेव्हा छपाईच्या विभागात ही चौकट मोकळी करण्याची सूचना द्यावी.

स्तंभ पोकळ का छापले जातात?

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे अक्ष आणि आकडे छापले जातात, पण स्तंभ गायब होतात. याचे कारण ब्राउझरची काटकसर हे आहे. संकेतस्थळांची पाने बरेचदा रंगीत पार्श्वभूमीवर असतात. ती जशीच्या तशी छापली, तर शाई भराभर संपेल. म्हणून पार्श्वभूमीचे रंग छापायचे नाहीत, असा नियम बहुतेक ब्राउझरमध्ये आधीच घालून ठेवलेला असतो.

आता साधा स्तंभालेख कसा बनवतात ते पाहू. एक रिकामी चौकट घ्यायची, तिची उंची माहितीच्या प्रमाणात ठेवायची आणि तिला पार्श्वभूमीचा रंग द्यायचा. झाला स्तंभ! आपल्या दृष्टीने तो माहितीचा गाभा आहे. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र ती केवळ पार्श्वभूमी आहे. तो काटकसर करतो, आणि स्तंभ जातो.

छापणाऱ्याने काय करावे? ब्राउझरमध्ये पार्श्वभूमी छापण्याची खूण शोधून ती चालू करावी. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये ती 'इंटरनेट ऑप्शन्स'मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' या भागात होती, पुढच्या आवृत्त्यांत ती 'पेज सेटअप'मध्ये आली. फायरफॉक्समध्ये 'प्रिंट बॅकग्राउंड' आणि क्रोममध्ये 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' या नावाने ती सापडते.

पान तयार करणाऱ्याला यापेक्षा भक्कम उपाय करता येतो. चौकटीच्या कडा या पार्श्वभूमी मानल्या जात नाहीत, त्या नेहमी छापल्या जातात. तेव्हा २० पिक्सेल जाडीचा आडवा स्तंभ हवा असेल, तर चौकटीला रंग भरण्याऐवजी तिची वरची कडच २० पिक्सेल जाड करावी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कागदावर मात्र दुसरा टिकतो. दुसरी युक्ती अशी, की एका रंगाचे छोटे चित्र घेऊन ते हव्या त्या उंचीपर्यंत ताणावे. पानातील चित्र हा मजकुराचा भाग समजला जातो, त्यामुळे तेही छापले जाते. या दोन्ही युक्त्या अगदी जुन्या ब्राउझरमध्येही चालतात. अलीकडच्या ब्राउझरमध्ये रंग जसेच्या तसे छापावेत अशी वेगळी सूचनाही देता येते, पण जुन्यांना ती समजत नाही.

याच्या उलट प्रकारही असतो. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला आलेख काही संकेतस्थळांवर असतो. छापताना पार्श्वभूमी गेली, आणि पांढरी अक्षरे पांढऱ्या कागदावर राहिली. आकडे वाचणार कसे? अशा पानाला छपाईसाठी काळी अक्षरे वेगळी सांगावी लागतात.

ठिपके की कृती?

तिसरी तक्रार : आलेख पूर्ण छापला जातो, पण अक्षरे दातेरी आणि वक्र पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हे समजण्यासाठी चित्र साठवण्याच्या दोन पद्धती समजून घ्याव्या लागतील.

वर्तुळाचे वर्णन दोन प्रकारे करता येते. चौकटीच्या कागदावर कोणते चौकोन काळे करायचे याची यादी देता येते, किंवा 'केंद्र येथे घ्या, त्रिज्या इतकी घ्या आणि कंपासने वर्तुळ काढा' अशी कृती सांगता येते. पहिल्या प्रकारात चित्र मोठे केले, की चौकोनही मोठे होतात आणि वर्तुळाची कड दातेरी होते. दुसऱ्या प्रकारात कृती पुन्हा करायची असल्याने वर्तुळ कितीही मोठे केले तरी गोलच राहते.

संगणकात पहिल्या प्रकारासाठी 'कॅनव्हास' नावाची सोय आहे. अ‍ॅपल कंपनीने ती २००४ मध्ये आणली. आज्ञावली सांगेल तसे बिंदू रंगवले जातात, पण रेषा कोठून कोठे काढली होती हे कॅनव्हासला आठवत नाही. दुसऱ्या प्रकारासाठी 'एसव्हीजी' ही भाषा आहे. ती २००१ च्या सप्टेंबरमध्ये प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक रेषा, वर्तुळ आणि अक्षर यांची कृती लिहिलेली असते.

६०० पिक्सेल रुंदीचा कॅनव्हासवरील आलेख कागदावर सव्वासहा इंच होतो. प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके उमटवू शकत असेल, तर सव्वासहा इंचांत ३,७५० ठिपके बसतात. म्हणजे पडद्याच्या एका पिक्सेलमागे सव्वासहा गुणिले सव्वासहा, साधारण ३९ ठिपक्यांचा एक ठोकळा. प्रिंटर सूक्ष्म काम करू शकतो, पण त्याला देण्याजोगी सूक्ष्म माहितीच आपल्याजवळ नाही.

उपाय असा : कॅनव्हास तिप्पट आकाराचा घ्यावा, ६०० ऐवजी १,८०० पिक्सेल. दिसण्याची रुंदी मात्र ६०० पिक्सेलच ठेवावी. आता कागदावर प्रत्येक इंचात ९६ ऐवजी २८८ बिंदूंची माहिती असते, आणि अक्षरे स्वच्छ येतात. याची किंमत स्मृतीच्या रूपाने द्यावी लागते. ६०० गुणिले ४०० पिक्सेलच्या चित्रात २,४०,००० बिंदू असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले, तर ९.६ लाख बाइट लागतात. तिप्पट आकारात बिंदू नऊपट होतात, आणि ८६.४ लाख बाइट लागतात. जुन्या संगणकावर एकाच पानात असे दहा आलेख ठेवले, तर तो अडखळू लागतो. म्हणून जेथे शक्य असेल, तेथे छपाईसाठी एसव्हीजीच बरे.

परंतु जुन्या ब्राउझरना एसव्हीजी समजते का? फायरफॉक्सला २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून कॅनव्हास आणि एसव्हीजी दोन्ही समजू लागले. इंटरनेट एक्स्प्लोररला मात्र २००९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत यांपैकी एकही समजत नव्हते. त्याच्याकडे 'व्हीएमएल' नावाची, १९९९ पासूनची, स्वतःची वेगळी भाषा होती. तीही कृती सांगणारीच होती. म्हणून त्या काळातील आलेख काढणाऱ्या आज्ञावल्या आधी ब्राउझर ओळखत, आणि त्याप्रमाणे एसव्हीजी किंवा व्हीएमएल वापरत. २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीने एसव्हीजी आणि कॅनव्हास दोन्ही स्वीकारले. आज तयार होणारे आलेख व्हीएमएलचा विचारच करत नाहीत. त्यामुळे विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर, ज्यावर आठवी आवृत्तीच शेवटची आहे, असा आलेख छापणे दूरच, दिसतसुद्धा नाही.

नवव्या ते अकराव्या आवृत्तीतही एसव्हीजीचा एक खोडसाळपणा आहे. फक्त रुंदी दिली आणि उंची ब्राउझरवर सोपवली, तर आलेख प्रमाणात वाढत नाही, १५० पिक्सेल उंचीत अडकून बसतो. म्हणून रुंदी आणि उंची दोन्ही द्यावीत. शिवाय एसव्हीजीमध्ये 'व्ह्यूबॉक्स' नावाचे माप लिहायला विसरू नये. ते नसेल, तर रुंदी कमी केल्यावर चित्र लहान होत नाही, कापले जाते, आणि आपण पुन्हा पहिल्या बिघाडाकडे येतो.

कोरी चौकट

चौथी तक्रार रिकाम्या किंवा अर्धवट आलेखाची. छपाईचा आदेश दिला, की ब्राउझर पानाची कागदाच्या मापाने नव्याने मांडणी करतो. मजकूर नव्या रुंदीत आपोआप बसतो, पण आलेख काढणारी आज्ञावली पुन्हा चालत नाही. पडद्यावर त्या क्षणी जे होते, तेच कागदावर जाते.

याचे तीन परिणाम संभवतात. एक, पुष्कळ आलेख पडद्यावर हळूहळू वाढत जातात. स्तंभ वर चढायला सुमारे एक सेकंद लागतो. त्याआधीच आदेश गेला, तर अर्ध्या उंचीचे स्तंभ छापले जातात. असा आलेख दिसतो निर्दोष, पण त्यातील प्रत्येक मूल्य चुकीचे असते. दोन, दुसऱ्या पानामागे झाकलेला आलेख. झाकलेल्या चौकटीला रुंदी नसते, म्हणून तिच्यात आलेख काढलाच जात नाही, आणि छापताना चौकट उघडली तरी ती कोरीच राहते. तीन, पडद्याच्या रुंदीने काढलेला आलेख कागदाच्या रुंदीत चेपला जातो. वृत्तालेख असेल, तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते.

छापणाऱ्याने आलेख पूर्ण उमटेपर्यंत थांबावे, प्रत्येक झाकलेला भाग एकदा उघडून पाहावा, आणि छापण्यापूर्वीचे दृश्य तपासावे. पान तयार करणाऱ्याने हालचाल बंद ठेवावी, आणि छपाईपूर्वी ब्राउझर देतो ती 'बिफोरप्रिंट' ही सूचना मिळताच आलेख नव्या मापाने पुन्हा काढावा. गंमत अशी, की या बाबतीत जुना इंटरनेट एक्स्प्लोररच पुढे होता. ही सूचना त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून होती. फायरफॉक्समध्ये ती २०११ मध्ये, क्रोममध्ये २०१७ च्या डिसेंबरमध्ये आणि सफारीमध्ये २०१९ मध्ये आली. तेव्हा 'जुना म्हणजे सर्वच बाबतींत मागे' असे मानण्याचे कारण नाही.

एकच आलेख दोन पानांत विभागला जाणे हाही याच गटातील बिघाड. 'हा भाग तोडू नये' अशी सूचना इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपासून चालते. त्याहून जुन्यासाठी आलेखाच्या शीर्षकापूर्वी 'येथे नवे पान सुरू करावे' असे सांगणे हा खात्रीचा मार्ग.

काळ्या शाईतले रंग

शाळेतील प्रिंटर बहुधा एकाच काळ्या रंगाचा असतो. रंगीत आलेख त्यावर छापताना प्रत्येक रंगाचे करड्या छटेत रूपांतर होते. त्यासाठी वापरले जाणारे एक नेहमीचे सूत्र असे : लाल रंगाच्या मूल्याचे ०.२९९ पट, हिरव्याच्या ०.५८७ पट आणि निळ्याच्या ०.११४ पट यांची बेरीज. प्रत्येक रंगाचे मूल्य ० ते २५५ असते. आता पूर्ण लाल रंग घ्या : २५५ गुणिले ०.२९९ म्हणजे ७६. संकेतस्थळांवर नेहमी वापरला जाणारा गडद हिरवा घ्या, त्याचे हिरवे मूल्य १२८ असते : १२८ गुणिले ०.५८७ म्हणजे ७५. डोळ्यांना पूर्ण वेगळे दिसणारे हे दोन रंग कागदावर एकच होतात! निळा २९ वर जातो आणि पिवळा २२६ वर, म्हणून ते ओळखू येतात. मुलांच्या लाल आणि मुलींच्या हिरव्या स्तंभांची तुलना अशा कागदावर करता येणार नाही.

फिकट करड्या रेषांचे दुखणे वेगळे आहे. काळ्या शाईने करडा रंग काढता येत नाही, त्याचा आभास निर्माण करावा लागतो. त्यासाठी, समजा, ८ गुणिले ८ ठिपक्यांचा एक गट घेऊन त्यातील थोडेच ठिपके काळे करतात. पण एक पिक्सेल जाडीची रेषा ६०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर जेमतेम ६ ठिपके रुंद असते. एक पूर्ण गटही तिच्यात मावत नाही, म्हणून ती तुटक छापली जाते किंवा दिसेनाशी होते. छापण्यासाठी जाळीच्या रेषा बारीक असल्या तरी चालतील, पण काळ्या असाव्यात. स्तंभांना रंगांऐवजी तिरप्या रेषा, ठिपके आणि भरीव काळा असे नमुने द्यावेत. रेषालेखात एक रेषा अखंड आणि दुसरी तुटक ठेवावी. जे विद्यार्थी लाल आणि हिरवा यांत फरक करू शकत नाहीत, त्यांचीही यामुळे सोय होते.

ब्राउझरच बदलता येईल का?

हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि संगणक पेलत असेल तर तेच करावे. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. जुन्या संगणकांवर क्रोमच्या विशिष्ट आवृत्त्यांपर्यंतच जाता येते : विंडोज एक्सपीसाठी ४९ वी आणि विंडोज ७ साठी १०९ वी ही शेवटची. या आवृत्त्यांना एसव्हीजी चांगले समजते. परंतु त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून अनोळखी संकेतस्थळांवर जाऊ नये.

ब्राउझर बदलणे अशक्य असेल, तर सर्वांत निर्वेध मार्ग पीडीएफचा. एखाद्या नव्या संगणकावर तेच पान उघडावे आणि कागदाऐवजी पीडीएफमध्ये छापावे. विंडोज १० मध्ये, २०१५ पासून, ही सोय मुळातच आहे. एसव्हीजीमधील कृती पीडीएफमध्येही कृती म्हणूनच राहतात, त्यामुळे रेखीवपणा टिकतो. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन शाळेतील जुन्या संगणकावरून छापावी. छापताना 'फिट' ऐवजी 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडावे, म्हणजे मापे बदलणार नाहीत. पडद्याचे छायाचित्र घेऊन छापणे हा शेवटचा पर्याय. त्यात पडद्यावरील पिक्सेल तेवढेच मिळतात. मात्र एसव्हीजीचा आलेख असेल, तर आधी ब्राउझरमध्ये तो दुप्पट मोठा करून मग छायाचित्र घ्यावे, म्हणजे थोडे अधिक बिंदू हाती लागतात.

वर्गात करून पाहा

या सर्व प्रकरणाचा एक चांगला प्रयोग होऊ शकतो. पानावर १० सेंटिमीटर लांबीची एक रेषा, ५ सेंटिमीटर व्यासाचे एक वर्तुळ, लाल आणि गडद हिरवा असे दोन शेजारी चौकोन आणि एक फिकट करडी रेषा काढावी. पानाच्या चारही कोपऱ्यांत क, ख, ग, घ ही अक्षरे लिहावीत. मग मिळतील त्या ब्राउझरमधून ते छापावे आणि मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी. रेषा किती सेंटिमीटर भरली? तिच्यावरून आक्रसण्याचे गुणोत्तर काढा. वर्तुळाचा आडवा आणि उभा व्यास सारखा आहे का? चारही अक्षरे आली का? दोन चौकोन वेगळे ओळखता येतात का? प्रत्येक उत्तरावरून वरीलपैकी कोणता बिघाड झाला, हे मुलांना स्वतः ठरवता येईल. हीच परीक्षेची पट्टी पुढे प्रत्येक आलेखाच्या खाली छापून ठेवली, तर कागद विश्वासार्ह आहे की नाही हे लगेच कळते.

एक सवय मात्र ब्राउझर नवा असो वा जुना, लावून घ्यावी. छापील आलेखाशेजारी मूळ आकड्यांचे छोटे कोष्टक द्यावे आणि 'एकूण स्तंभ १२' अशी नोंद करावी. कोष्टकात अक्षरे आणि अंक असतात, त्यामुळे रंग गेले, रेषा पुसल्या, तरी ते टिकते. विद्यार्थ्याला स्तंभ मोजून आणि एखादे मूल्य ताडून आलेखाची खातरजमा करता येते. यंत्राने काढलेले चित्र आहे म्हणून ते बरोबर असेलच असे नाही. ते आकड्यांशी जुळवून पाहायचे असते. छपाईच्या एका साध्या बिघाडातून ही गोष्ट मुलांच्या लक्षात आली, तर वाया गेलेले कागदही कारणी लागतील.